स्नायू-ऊतीची स्लाइड कशी वाचावी

सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूची स्लाइड आली की बहुतेक विद्यार्थी सर्वांत आधी आडवे पट्टे शोधू लागतात. पट्टे दिसले तर अस्थिस्नायू (हाडे हलवणारा) आणि दिसले नाहीत तर अपट्टकी स्नायू (आतडी, रक्तवाहिन्या अशा अवयवांच्या भिंतीतला) असे लिहून ते पुढच्या टेबलाकडे सरकतात. ही पद्धत सोपी वाटते, पण ती फसवी आहे. पट्टे हृदयाच्या स्नायूतही असतात, तंतू आडवा कापला गेला असेल तर ते कोणत्याच स्नायूत दिसत नाहीत, आणि फिकट रंगवलेल्या किंवा जास्त उजेडात पाहिलेल्या स्लाइडवर उत्तम अस्थिस्नायूसुद्धा सपाट गुलाबी पट्टीसारखा दिसतो. बी.एस्सी., वैद्यकीय, फिजिओथेरपी, नर्सिंग किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञ या अभ्यासक्रमांच्या पहिल्या वर्षात ही स्लाइड हमखास समोर येते, म्हणून ती वाचण्याचा एक ठरलेला क्रम अंगवळणी पाडून घेणे हिताचे असते.

येथे सुचवलेला क्रम असा आहे. आधी छेदाची दिशा ठरवावी, मग मोजपट्टी शोधावी, त्यानंतर केंद्रक कोठे आहे ते पाहावे आणि पट्ट्यांकडे सर्वांत शेवटी वळावे. स्नायूच्या रचनेतील जवळजवळ प्रत्येक गोष्ट तो करत असलेल्या कामाशी बांधलेली असते. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर ‘हे असे का असावे’ हा प्रश्न विचारत गेल्यास खुणा पाठ कराव्या लागत नाहीत.

पाहण्याआधीची तयारी

स्लाइड लगेच सूक्ष्मदर्शकावर चढवू नये. ती प्रथम उजेडाकडे धरून नुसत्या डोळ्यांनी पाहावी. आतड्याचा आडवा छेद मधोमध पोकळी असलेल्या कड्यासारखा दिसतो, जिभेचा तुकडा भरीव असतो आणि त्याच्या एका कडेला खडबडीतपणा जाणवतो, तर हृदयाच्या भिंतीचा तुकडा जाड आणि एकसंध असतो. एवढ्यावरून उत्तर ठरवायचे नसते, पण कोणता भाग आधी पाहायचा हे कळते.

यानंतर ४ पटीच्या वस्तुभिंगाखाली संपूर्ण तुकडा एकदा फिरवून पाहावा, मग १० पटीच्या आणि सर्वांत शेवटी ४० पटीच्या भिंगाखाली जावे. थेट हाय पॉवरवर उडी मारणारा विद्यार्थी तुकड्याच्या कोणत्या कोपऱ्यात आहे हेच त्याला ठाऊक नसते. ४० पटीच्या भिंगाखाली कंडेन्सरखालचा (स्लाइडखाली प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाखालचा) डायफ्रॅम, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारी झडप, बराचसा मिटावा आणि कंडेन्सर किंचित खाली घ्यावा. उजेड कमी झाला की भेद वाढतो आणि मघाशी सपाट दिसणाऱ्या तंतूवर पट्टे उमटू लागतात. प्रयोगशाळेत पट्टे दिसत नाहीत अशी तक्रार येते तेव्हा दोष सहसा स्लाइडचा नसतो, उघड्या टाकलेल्या डायफ्रॅमचा असतो.

नेहमीच्या स्लाइड हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या जोडीने रंगवलेल्या असतात. हिमॅटॉक्सिलिन केंद्रकांना निळा-जांभळा रंग देते आणि इओसिन प्रथिनांना गुलाबी. स्नायूपेशी प्रथिनांनी ठासून भरलेली असल्यामुळे ती गडद गुलाबी दिसते. तिच्या आजूबाजूचे संयोजी ऊतीतील कोलॅजेन हे तंतुमय प्रथिनही गुलाबीच असते, आणि पुढे येणाऱ्या घोटाळ्याचे मूळ येथेच आहे.

छेदाची दिशा आणि मोजपट्टी

स्नायूतंतू, म्हणजे स्नायूच्या पेशी, लांबट असतात. ते लांबीच्या दिशेने कापले गेले तर समांतर पट्ट्या दिसतात आणि आडवे कापले गेले तर गोल किंवा बहुकोनी चकत्या दिसतात. तिरप्या छेदात यांच्या मधले काहीतरी दिसते, आणि प्रत्यक्ष स्लाइडवर असा तिरपा छेदच पुष्कळदा वाट्याला येतो. म्हणून पहिला प्रश्न नेहमी ‘हा छेद उभा की आडवा’ हाच असावा. सरावासाठी जिभेची स्लाइड सर्वांत चांगली, कारण जिभेतील स्नायूतंतू तीन दिशांना एकमेकांत विणलेले असतात आणि एकाच दृष्टिक्षेत्रात उभा व आडवा असे दोन्ही छेद शेजारी-शेजारी मिळतात. जीभ कोणत्याही दिशेला वळू शकते, पातळ होऊ शकते, आखडू शकते, ते याच विणीमुळे.

दुसरा प्रश्न मापाचा. पाठ्यपुस्तकातील आकृत्यांत तिन्ही स्नायूंचे तंतू सारख्याच जाडीचे काढलेले असतात, आणि या सवयीचा मोठा तोटा होतो. प्रत्यक्षात अस्थिस्नायूचा तंतू साधारण १० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो, हृदयस्नायूची पेशी त्याहून बारीक, बहुधा १० ते २५ मायक्रोमीटर, आणि अपट्टकी स्नायूपेशी तर सर्वांत जाड जागीही ३ ते १० मायक्रोमीटर एवढीच असते. मोजण्यासाठी वेगळे उपकरण हाताशी नसले तरी स्लाइडवर एक तयार मोजपट्टी असते, ती म्हणजे तांबडी रक्तपेशी. तंतूंच्या मधल्या केशवाहिन्यांत या पेशी एकामागोमाग एक अडकलेल्या दिसतात आणि त्यांचा व्यास सुमारे ७ मायक्रोमीटर असतो. शेजारच्या तंतूच्या रुंदीत अशा किती पेशी मावतील याचा डोळ्यांनी अंदाज घ्यावा. सहा-सात मावत असतील तर तो अस्थिस्नायू असण्याची शक्यता फार मोठी, आणि एकही नीट मावत नसेल तर अपट्टकी स्नायूचा विचार करावा. दृष्टिक्षेत्राचा व्यासही उपयोगी पडतो. नेत्रिकेवर (डोळ्याजवळच्या भिंगावर) क्षेत्रांक, म्हणजे फील्ड नंबर, १८ लिहिलेला असेल तर ४० पटीच्या भिंगाखाली दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास १८ भागिले ४०, म्हणजे ०.४५ मिलिमीटर किंवा ४५० मायक्रोमीटर असतो.

केंद्रक कोठे आहे

सर्वाधिक भरवशाची खूण केंद्रकाची जागा हीच आहे, कारण ती उभ्या आणि आडव्या दोन्ही छेदांत टिकते. अस्थिस्नायूच्या तंतूत केंद्रके अनेक असतात आणि ती तंतूच्या कडेला, पेशीपटलाच्या लगेच आत, चपटी होऊन बसलेली असतात. हृदयस्नायूच्या पेशीत एक किंवा दोन केंद्रके असतात आणि ती मध्यभागी असतात. अपट्टकी पेशीत एकच केंद्रक असते, तेही मध्यभागी आणि लांबट.

अस्थिस्नायूत एवढी केंद्रके येतात कोठून, तर गर्भावस्थेत अनेक स्नायुजनक पेशी एकमेकींत विलीन होऊन एक लांबलचक तंतू तयार होतो आणि प्रत्येक पेशी आपले केंद्रक बरोबर आणते. एवढा मोठा तंतू एका केंद्रकाच्या बळावर चालवता येत नाही, कारण प्रथिने बनवण्याच्या सूचना एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत वेळेवर पोहोचणार नाहीत. केंद्रके कडेला ढकलली जातात, कारण तंतूचा मधला सगळा भाग आकुंचन पावणाऱ्या तंतुकांनी (तंतूच्या आतल्या बारीक दोऱ्यांनी) भरलेला असतो.

कडेची ही शिस्त मोडलेली दिसली तर थांबून पाहावे. निरोगी प्रौढ स्नायूत थोड्याच तंतूंची केंद्रके आत असतात. पुष्कळ तंतूंच्या मधोमध केंद्रके दिसत असतील तर तेथे तंतू तुटून पुन्हा तयार होत असल्याची ती खूण असते. ड्यूशेन स्नायुअपक्षयात, ज्यात डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन तयार होत नाही, अशी केंद्रके दिसतात. त्याबरोबर लहान-मोठ्या आकाराचे गोलसर तंतू आणि त्यांच्या मध्ये चरबी व तंतुमय ऊती वाढलेलीही दिसते. रोगाचे निदान पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने करायचे नसते, पण निरोगी चित्र नीट डोळ्यांत बसले असेल तरच बिघडलेले चित्र पुढे ओळखता येते.

दुरुस्ती करणाऱ्या पेशींना उपग्रह पेशी म्हणतात. त्या अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. साध्या स्लाइडवर त्या तंतूच्या कडेच्या केंद्रकांपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत, म्हणून आकृतीत बाण काढून तसे नाव देण्याचा मोह टाळावा. हृदयस्नायूत अशी दुरुस्तीची सोय जवळजवळ नसतेच. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या पेशींच्या जागी कोलॅजेनचा व्रण तयार होतो, तो याच कारणाने.

अस्थिस्नायू जवळून

आता पट्ट्यांकडे वळावे. उभ्या छेदातील एक स्वच्छ तंतू निवडावा, डायफ्रॅम मिटावा आणि सूक्ष्म फोकसचा स्क्रू अगदी हळू मागे-पुढे करत राहावा. गडद आणि फिकट पट्टे आळीपाळीने दिसू लागतील. गडद पट्ट्याला ए-पट्टा आणि फिकट पट्ट्याला आय-पट्टा म्हणतात. स्लाइड चांगली असेल तर आय-पट्ट्याच्या मधोमध एक बारीक गडद रेषा दिसते, ती झेड-रेषा. एका झेड-रेषेपासून पुढच्या झेड-रेषेपर्यंतचा तुकडा म्हणजे सार्कोमिअर, आणि स्नायूच्या आकुंचनाचे एकक तेच. शिथिल स्नायूत त्याची लांबी सुमारे २ ते २.५ मायक्रोमीटर असते. म्हणजे शेजारच्या तांबड्या पेशीच्या रुंदीएवढ्या अंतरात साधारण तीन सार्कोमिअर बसायला हवेत. हे स्वतः मोजून पाहावे. मोजणी जुळली की पाहिलेल्या गोष्टीवर विश्वास बसतो, आणि फारच वेगळी आली तर पट्टे नव्हे, छेद कापताना सुरीने पाडलेल्या रेघा पाहिल्या गेल्या असतात.

पट्टे का पडतात? सार्कोमिअरमध्ये मायोसिन या प्रथिनाचे जाड धागे मध्यभागी असतात आणि ॲक्टिनचे बारीक धागे दोन्ही बाजूंच्या झेड-रेषांपासून आत शिरलेले असतात. जाड धाग्यांची जाडी सुमारे १५ नॅनोमीटर आणि बारीक धाग्यांची ७ ते ८ नॅनोमीटर असल्याने साध्या सूक्ष्मदर्शकात धागा स्वतंत्र दिसणे शक्य नाही. दिसतो तो हजारो धाग्यांच्या एका ओळीत येण्याचा परिणाम. जाड धाग्यांच्या लांबीएवढा, म्हणजे सुमारे १.६ मायक्रोमीटरचा भाग गडद दिसतो आणि केवळ बारीक धागे असलेला भाग फिकट.

आकुंचनात काय होते हे १९५४ साली कळले. ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन स्वतंत्र लेख छापून आले, एक अँड्र्यू हक्सले आणि रॉल्फ निडर्गेर्के यांचा आणि दुसरा ह्यू हक्सले व जीन हॅन्सन यांचा. दोघा हक्सल्यांचे आपसात काही नाते नव्हते. एका जोडीने बेडकाच्या जिवंत तंतूवर आणि दुसरीने सशाच्या स्नायूपासून वेगळ्या केलेल्या तंतुकांवर काम केले होते, पण दोघांना दिसले ते एकच. स्नायू आखडताना ए-पट्ट्याची रुंदी बदलत नाही, आय-पट्टा मात्र अरुंद होत जातो. याचा अर्थ धागे आखडत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. स्लाइड पाहताना याचा थेट उपयोग होतो. दोन तंतूंतील आय-पट्टे कमी-अधिक रुंद दिसले तर ते वेगवेगळे प्रकार नसून ऊती रसायनात टाकली त्या क्षणी एक अधिक आखडलेला आणि दुसरा कमी आखडलेला होता, एवढेच समजावे.

या सरकण्याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. १० सेंटिमीटर लांबीच्या तंतूत २.५ मायक्रोमीटरचे ४०,००० सार्कोमिअर एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक सार्कोमिअर केवळ अर्ध्या मायक्रोमीटरने आखडला तरी संपूर्ण तंतू २ सेंटिमीटरने आखूड होतो आणि हाड हलते. लांब स्नायू वेगाने आणि जास्त अंतर आखडतो तो एकापुढे एक अशा जोडणीमुळे. जाड स्नायू जास्त जोर लावतो तो शेजारी-शेजारी असलेल्या तंतुकांच्या संख्येमुळे. व्यायामाने स्नायू फुगतो तेव्हाही मुख्यतः तंतूंची जाडीच वाढलेली असते.

सरकण्यासाठी मायोसिनचे डोके ॲक्टिनला पकडते, वाकते आणि सुटते, आणि सुटण्यासाठी त्याला एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा, रेणू लागतो. ऊर्जा सोडण्यासाठीही लागते, ही बाब विद्यार्थ्यांना पटायला वेळ लागतो. मृत्यूनंतर एटीपी संपतो, पकडलेली डोकी सुटत नाहीत आणि काही तासांत शरीर ताठ होते; पुढे प्रथिने विघटित होऊ लागली की हा ताठरपणा ओसरतो. पकड कधी सुरू करायची हे कॅल्शियम ठरवते. चेतातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन सुटते, विद्युत संदेश तंतूच्या पृष्ठभागावरून आडव्या नलिकांमधून आत उतरतो, आंतर्द्रव्यजालिकेत (तंतूच्या आतल्या जाळीदार कोठारात) साठवलेले कॅल्शियम बाहेर येते आणि बारीक धाग्यावरील ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटून मायोसिनसाठी जागा मोकळी करते. ट्रोपोनिनचा शोध जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांच्या १९६० च्या दशकातील कामातून लागला. हृदयविकाराचा झटका तपासण्यासाठी रुग्णालयात रक्तातील ट्रोपोनिन मोजतात, तेही याच प्रथिनाचे हृदयातील रूप असते.

आडव्या छेदात पट्टे नसतात, पण वेष्टने स्पष्ट दिसतात. प्रत्येक तंतूभोवती नाजूक एंडोमायसियम, तंतूंच्या जुडग्याभोवती पेरिमायसियम आणि संपूर्ण स्नायूभोवती एपिमायसियम असते. ४ पटीच्या भिंगाखाली जुडग्यांच्या सीमा आधी शोधाव्यात, कारण रक्तवाहिन्या आणि चेता पेरिमायसियममधूनच जातात. हीच वेष्टने पुढे एकत्र येऊन स्नायूरज्जू बनतात आणि असंख्य तंतूंची ओढ एकाच जागी हाडावर पोहोचवतात. मंद आणि जलद प्रकारचे तंतू मात्र या रंगात वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी एंझाइमांच्या क्रियेवर आधारलेले खास रंग लागतात, म्हणून परीक्षेत कोणी तसा दावा करू नये.

हृदयस्नायू

हृदयाच्या स्नायूत पट्टे असतात, पण अस्थिस्नायूइतके ठळक नसतात. येथे फाटे शोधावेत. तंतू सरळ समांतर न जाता फांदी फुटल्याप्रमाणे दुभंगतात आणि शेजारच्या तंतूला जाऊन मिळतात. मधोमध असलेल्या केंद्रकाच्या दोन्ही टोकांशी थोडी फिकट जागा दिसते, आणि वृद्ध व्यक्तीच्या हृदयातून घेतलेल्या स्लाइडवर तेथे पिवळसर तपकिरी रंगद्रव्यही साचलेले आढळते.

ओळख पक्की करणारी खूण म्हणजे पेशी जेथे पेशीला जोडली जाते तेथील आंतरचकती. साध्या रंगात ती पुसट असते. पट्ट्यांपेक्षा जाड, तंतूला आडवी जाणारी आणि अनेकदा पायऱ्यांसारखी तुटक अशी गडद रेषा शोधावी. सापडली नाही तर स्लाइड बदलण्याऐवजी डायफ्रॅम आणखी मिटून तुकड्याच्या दुसऱ्या भागात पाहावे. लोहयुक्त हिमॅटॉक्सिलिनने रंगवलेली स्लाइड मिळाली तर काम फार सोपे होते.

या चकतीत दोन वेगळी कामे एकत्र असतात. काही जोड यांत्रिक असून प्रत्येक ठोक्याच्या ओढीत पेशी एकमेकींपासून सुटू देत नाहीत. काही जोड सूक्ष्म मार्गांसारखे असून त्यांतून आयन एका पेशीतून दुसरीत जातात, त्यामुळे एका जागी सुरू झालेला संदेश पेशींमागून पेशींत पसरतो आणि हृदयाचा कप्पा एकसाथ आखडतो. अस्थिस्नायूत प्रत्येक तंतूला चेतातंतूचे टोक वेगळे पोहोचावे लागते. येथे तशी गरज नसते. शिवाय हृदयपेशी एकदा आखडली की सुमारे पाव सेकंद तिला दुसरा संदेश स्वीकारता येत नाही, म्हणून हृदयाला हाताच्या स्नायूसारखा पेटका येत नाही. मिनिटाला ७२ या गतीने हृदय दिवसात एक लाखाहून अधिक वेळा आखडते. त्यासाठी लागणारा एटीपी पुरवणाऱ्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) पेशीचा सुमारे तिसरा हिस्सा व्यापतात आणि केशवाहिन्या इतक्या दाट असतात की जवळजवळ प्रत्येक तंतूला एक मिळते. स्लाइडवर तंतूंच्या फटीत दिसणाऱ्या चपट्या केंद्रकांपैकी पुष्कळशी या केशवाहिन्यांच्या भिंतीची असतात. त्यांना स्नायूची केंद्रके समजून ‘केंद्रके कडेला आहेत’ असे लिहिणे ही अगदी नेहमीची चूक आहे.

अपट्टकी स्नायू आणि त्याचे तोतये

आतड्याची स्लाइड येथे सर्वांत उपयोगी ठरते. तिच्या भिंतीतील आतला थर वर्तुळाकार आणि बाहेरचा थर लांबीच्या दिशेचा असल्यामुळे आडव्या छेदात आतला थर उभा कापलेला आणि बाहेरचा आडवा कापलेला मिळतो. उभ्या छेदात दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी एकमेकींच्या खाचांत बसलेल्या दिसतात, एकीचा जाड भाग दुसरीच्या निमुळत्या टोकाशेजारी. आडव्या छेदात लहान-मोठ्या आकाराच्या चकत्या दिसतात, आणि त्यांतील थोड्याच चकत्यांत केंद्रक असते. याचे कारण उघड आहे. सुरी काही पेशींच्या मध्यातून जाते आणि काहींच्या टोकातून, आणि केंद्रक मात्र फक्त मध्यात असते.

पेशी आखडलेल्या अवस्थेत स्थिर झाली असेल तर तिचे केंद्रक मळसूत्रासारखे पीळ पडलेले दिसते. सरळ पट्टे येथे नसतात, कारण ॲक्टिन आणि मायोसिनचे धागे सार्कोमिअरच्या ओळीत न बसता पेशीत तिरपे पसरलेले असतात आणि घन कायांना, म्हणजे धागे रोवून धरणाऱ्या प्रथिनांच्या गाठींना, जोडलेले असतात. आखडताना पेशी सगळ्या बाजूंनी आवळली जाते, आणि केंद्रकाला पीळ पडतो तो त्यामुळेच. कॅल्शियम येथेही लागते, पण ते ट्रोपोनिनऐवजी कॅल्मोड्युलिन या दुसऱ्या प्रथिनामार्फत काम करते. हा मार्ग सावकाश चालतो. मात्र एकदा ताण आला की तो फारच थोड्या एटीपीवर दीर्घकाळ टिकवता येतो. रक्तवाहिनीच्या भिंतीला दिवसरात्र ताणलेले राहायचे असते, त्यामुळे वेगापेक्षा हा काटकसरीपणाच तिला उपयोगाचा. गरोदरपणात गर्भाशयाच्या अपट्टकी पेशी सुमारे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत लांब होतात, तर रक्तवाहिन्यांत त्या फार आखूड असतात. त्वचेची स्लाइड मिळाली तर केसाच्या मुळाशेजारी तिरपा गुलाबी जुडगा शोधावा. थंडीने किंवा भीतीने अंगावर काटा येतो तो या स्नायूमुळे.

दोन तोतये मात्र नेहमी फसवतात. पहिला म्हणजे स्नायूरज्जूची दाट संयोजी ऊती. तीही गुलाबी, समांतर आणि पट्ट्यांविना असते. फरक केंद्रकात शोधावा. अपट्टकी स्नायूत केंद्रक गुलाबी पट्टीच्या आत असते आणि बऱ्यापैकी भरलेले दिसते, तर स्नायूरज्जूत ते दोन गुलाबी पट्ट्यांच्या फटीत, रेघेसारखे बारीक आणि गडद असते. दुसरा तोतया म्हणजे चेतेचा उभा छेद. तो फिकट, फेसाळ आणि लाटांसारखा वळणदार दिसतो. मॅसनच्या त्रिरंगी पद्धतीने रंगवलेली स्लाइड असेल तर वादच उरत नाही, कारण तीत स्नायू लाल आणि कोलॅजेन निळे किंवा हिरवे दिसते.

सगळा क्रम एकाच जागी तपासून पाहायचा असेल तर अन्ननलिकेच्या मधल्या तिसऱ्या भागाची स्लाइड मागून घ्यावी. अन्ननलिकेच्या वरच्या भागात अस्थिस्नायू, खालच्या भागात अपट्टकी स्नायू आणि मधल्या भागात दोन्हींची सरमिसळ असते. घास गिळायला सुरुवात आपल्या इच्छेने होते आणि पुढचा प्रवास आपोआप होतो, तो बदल या भिंतीत डोळ्यांनी पाहता येतो. जाड बहुकोनी तंतूंच्या शेजारी बारीक निमुळत्या पेशी दिसल्या की मापाचा फरक पुन्हा सांगावा लागत नाही.

स्वतः तयार केलेली स्लाइड

तयार स्लाइडवर समाधान न मानता एकदा ताज्या तंतूची ओली स्लाइड करून पाहावी. मानवी ऊती यासाठी मिळणार नाही, पण बकऱ्याच्या अस्थिस्नायूची मूलभूत रचना तीच असते. मटणाच्या दुकानातून मांडीचा, चरबी नसलेला लहान तुकडा आणावा. लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ या प्रमाणात केलेल्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घ्यावा, त्यात तुकड्याची तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी कणी ठेवावी आणि दोन सुयांनी ती लांबीच्या दिशेने विंचरत राहावे. कणी तुटेल असे आडवे ओढू नये. केसाहून बारीक तंतू सुटे झाले की मिथिलीन ब्लूचा थेंब घालावा, एक-दोन मिनिटांनी जादा रंग गाळणकागदाने टिपून घ्यावा आणि बुडबुडे न येऊ देता कव्हरस्लिप ठेवावी. बहुतेक वेळा अपयश येते ते कणी मोठी घेतल्यामुळे. थर जाड असला की प्रकाश आरपार जात नाही आणि सगळे निळे दिसते.

शिजवलेल्या मटणावरही हा प्रयोग करता येतो आणि तंतू जास्त सहज सुटतात, कारण शिजताना वेष्टनांतील कोलॅजेनचे जिलेटिन होते. तंतूवरचे पट्टे मात्र शिजल्यानंतरही टिकतात. इतके, की पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत विष्ठेच्या तपासणीत पट्टे शाबूत असलेले मांसतंतू आढळले तर खाल्लेले मांस नीट पचलेले नाही, याची ती खूण मानली जाते. वजडी म्हणून मिळते ती जठराची आणि आतड्यांची भिंत मुख्यतः अपट्टकी स्नायूची असते. तिला सुयांनी विंचरून सुटे तंतू काढण्याचा प्रयत्न केला की दोन ऊतींतील फरक हातालाच कळतो. काम संपल्यावर ब्लेड, सुया आणि हात साबणाने धुवावेत, आणि कच्चे मांस हाताळलेल्या टेबलावर खाण्याची वस्तू ठेवू नये.

जर्नलमध्ये आकृती पाठ्यपुस्तकातून उतरवू नये. जे दिसले तेच पेन्सिलीने काढावे, मग पट्टे अर्ध्याच तंतूवर दिसले असले तरी हरकत नाही. आकृतीखाली अवयवाचे नाव, छेदाची दिशा, वापरलेला रंग आणि वर्धन लिहावे. नेत्रिका १० पटीची आणि वस्तुभिंग ४० पटीचे असेल तर वर्धन ४०० पट होते. ओळखीच्या खुणा लिहिताना केंद्रकाची जागा पहिल्या ओळीत, तंतूचा आकार व माप दुसऱ्या ओळीत आणि पट्टे तिसऱ्या ओळीत घ्यावेत. हृदयस्नायूत आंतरचकती खरोखर दिसली नसेल तर ती आकृतीत घालू नये. तोंडी परीक्षेत परीक्षक सूक्ष्मदर्शकाकडे बोट दाखवून नेमकी तीच दाखवायला सांगतात.